जुन्या मोटारीचे इग्निशन तपासताना

जुनी मोटार चालू होईनाशी झाली किंवा चालता चालता मिसिंग करू लागली, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकवू लागली, की बहुतेक लोक पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, प्लग आणि जमलेच तर कॉइल असा सगळा संच एकदम नवा आणून बसवतात. गाडी चालू झाली तर नेमके काय बिघडले होते हे कधीच कळत नाही, आणि नाही झाली तर पंचाईत दुप्पट होते, कारण मूळ दोषात आता नव्या भागांचे दोषही मिसळलेले असतात. नवा भाग चांगलाच असणार, हे गृहीतक जुन्या गाड्यांच्या बाबतीत फार महागात पडते; विशेषतः कंडेन्सर आणि रोटर हे दोन भाग नवे असतानाही बिघडलेले निघू शकतात. माझे मत असे आहे की इग्निशनच्या, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतील पुष्कळसे दोष १२ व्होल्टच्या बाजूला, म्हणजे बॅटरीपासून पॉइंटपर्यंतच्या वाटेवर असतात, आणि एक छोटा बल्ब, एक मल्टिमीटर व फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) एवढ्या सामग्रीवर ते एकही भाग न बदलता शोधता येतात. त्यासाठी फक्त ठिणगी नेमकी कधी पडते हे मनात पक्के असावे लागते.

येथे मी पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी धातूची दोन टोके, असलेल्या इग्निशनविषयी लिहीत आहे. बॅटरीवर चालणारी ही पद्धत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठी विकसित केली, आणि १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक इग्निशन रुळेपर्यंत जगभरातील पेट्रोल गाड्या प्रामुख्याने हिच्यावरच चालल्या. बॅटरीतून निघालेला करंट किल्लीच्या स्विचमधून कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यात जातो, तेथून डिस्ट्रिब्युटरमधील (प्लगना ठिणग्या वाटणाऱ्या भागातील) पॉइंटकडे येतो आणि पॉइंट मिटलेले असतील तर अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला मिळतो. या वेळी वेढ्यातून साधारण तीन ते चार अँपियर करंट वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होते. मात्र ठिणगी पॉइंट मिटताना पडत नाही. ती पडते पॉइंट उघडताना. वाहणारा करंट एकाएकी तोडला की ते क्षेत्र कोसळते, जाड तारेच्या वेढ्यात क्षणभर दोनशे-तीनशे व्होल्ट उसळतात आणि त्याच्या जवळजवळ शंभरपट फेरे असलेल्या बारीक तारेच्या वेढ्यात पंधरा ते पंचवीस हजार व्होल्ट निर्माण होतात. ते जाड वायरीने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये, म्हणजे झाकणात येतात आणि आत फिरणारा रोटर ते पाळीपाळीने एकेका प्लगकडे पोहोचवतो. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइपात दणका बसतो, तसाच हा प्रकार आहे. नळ हळूहळू बंद केला तर दणका बसत नाही, आणि पॉइंट उघडताना त्यांच्यातच ज्योत पेटत राहिली तर प्लगला ठिणगी मिळत नाही. ती ज्योत पेटू न देणे, म्हणजेच तुटणाऱ्या करंटला क्षणभर दुसरी जागा देणे, हे कंडेन्सरचे काम.

हे सगळे किती वेगाने घडते याचा अंदाज असलेला बरा. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. म्हणजे एका ठिणगीमागे दहा मिलिसेकंद मिळतात आणि त्यातील सहाच्या आसपास मिलिसेकंद पॉइंट मिटलेले असतात. तेवढ्या वेळात कॉइल पुरेशी भरली पाहिजे. त्यामुळे वाटेत कोठेही गंजलेले टर्मिनल किंवा सैल जोड असला, तर गाडी संथ फिरताना ठीक वाटते आणि वेग वाढवताच धक्के देऊ लागते. अशा वेळी कार्ब्युरेटरवर संशय जातो, जेट उघडले जातात, फ्लोट तपासला जातो आणि दोष जागच्या जागी राहतो. इंधनाकडे वळण्यापूर्वी इग्निशन निःशंक करावे, या जुन्या मेकॅनिकांच्या शिस्तीशी मी पूर्णपणे सहमत आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक लावलेला असावा, हातातील अंगठी व घड्याळ काढून ठेवावे आणि पेट्रोलचा वास येत असेल तर तो कोठून येतो हे आधी पाहावे, कारण आपण मुद्दाम ठिणगी पाडणार आहोत. ज्यांच्या हृदयात पेसमेकर आहे त्यांनी हाय टेन्शनच्या (हजारो व्होल्ट वाहणाऱ्या) वायरजवळ हे प्रयोग करूच नयेत.

पहिली चाचणी कॉइलमधून निघून कॅपच्या मध्यभागी जाणाऱ्या जाड वायरची. ती कॅपमधून काढून, तिचे टोक इन्सुलेटेड चिमट्याने धरून इंजिनच्या स्वच्छ धातूपासून सहा मिलिमीटर अंतरावर ठेवावे आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. निळसर पांढरी, चटचट आवाज करणारी ठिणगी सलग पडत असेल तर कॉइलपर्यंतचे सगळे काम बरे चालले आहे आणि दोष रोटर, कॅप, वायर, प्लग, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किंवा इंधन यांच्यात शोधायचा. ठिणगी पिवळट आणि केसासारखी बारीक असेल, किंवा पडतच नसेल, तर १२ व्होल्टच्या बाजूला यायचे. मोकळ्या हवेत उडी मारणारी ठिणगी सिलिंडरमधील दाबाखालीही पडेलच, असे मात्र समजू नये. दाबलेल्या हवेत ठिणगी पडायला कितीतरी अधिक व्होल्टेज लागते, म्हणूनच बाहेर काढलेल्या प्लगला नुसते अंगाशी टेकवून घेतलेल्या चाचणीवर माझा फारसा विश्वास नाही.

आता बल्बची चाचणी. मला स्वतःला ही सगळ्यात जास्त आवडते, कारण पाच मिनिटांत ती निम्मे संशयित बाद करते. बारा व्होल्टचा, तीन ते पाच वॉटचा छोटा बल्ब घ्यावा. त्याची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला आणि दुसरी इंजिनच्या अर्थला जोडावी. किल्ली चालू करून सेल्फ मारला की बल्ब लुकलुकला पाहिजे: पॉइंट उघडे असताना तो पेटतो, आणि मिटले की करंट थेट अर्थला जात असल्यामुळे विझतो. लुकलुकत असेल तर पॉइंट उघडझाप करीत आहेत आणि कॉइलला करंट मिळतो आहे, हे दोन्ही एकदम सिद्ध होते. बल्ब सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंटमधून करंट जात नाही. पृष्ठभागावर तेलाचा किंवा गंजाचा थर आहे, पॉइंट मिटतच नाहीत किंवा डिस्ट्रिब्युटरमधील वायर तुटलेली आहे. बल्ब पेटतच नसेल तर शक्यता दोन. एक तर कॉइलपर्यंत करंट पोहोचत नाही किंवा तिच्या जाड तारेचा वेढा तुटला आहे, किंवा मग डिस्ट्रिब्युटरच्या आत कोठेतरी कायमचा शॉर्ट आहे. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर कॉइलवरून काढावी. काढताच बल्ब पेटला तर शॉर्ट आत आहे. तरीही अंधारच असेल तर कॉइल आणि तिच्या मागील किल्ली, फ्यूज व जोड पाहावेत.

आत शॉर्ट असेल तर तीन जागा पाहाव्यात. पॉइंट कधी उघडतच नसतील, कंडेन्सर आतून शॉर्ट झाला असेल, किंवा पॉइंटची स्प्रिंग ज्या खिळीवर बसते तेथील प्लॅस्टिकचा वायसर चुकीच्या क्रमाने लागला असेल. हा तिसरा प्रकार पॉइंट नुकतेच बदलल्यावर हमखास आढळतो. स्प्रिंग आणि कॉइलकडून येणारी व कंडेन्सरची अशा दोन्ही वायरची टोके एकमेकांना टेकली पाहिजेत, पण खिळीला आणि बेस प्लेटला (पॉइंट बसवलेल्या तबकडीला) त्यांचा स्पर्शही होता कामा नये. वायसर एक थर वर किंवा खाली गेला की सगळी यंत्रणा गप्प होते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पॉइंट भिंगाखाली पाहण्यासारखे असतात. चांगल्या पॉइंटचा पृष्ठभाग करडा, थोडा खरखरीत आणि दोन्ही बाजूंना सारखा दिसतो. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला त्याच मापाचा उंचवटा तयार झाला असेल, तर धातू एकीकडून दुसरीकडे सरकतो आहे. कंडेन्सरची क्षमता जुळत नसली की हे लवकर होते. असा उंचवटा असताना फीलर गेजने घेतलेले माप फसवे असते, कारण पाते उंचवट्याच्या टोकावर टेकते आणि खड्ड्यातील खरे अंतर त्याहून जास्त असते. निळे पडलेले, जळालेले पॉइंट हे बहुधा बिघडलेल्या कंडेन्सरचे लक्षण असते. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून दिलेला तेलाचा पातळ थर असतो. तो पुसला नाही तर कोरे करकरीत पॉइंट बसवूनही ठिणगी पडत नाही. स्पिरिट लावलेल्या स्वच्छ, जाडसर कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून ओढून काढली की पुरते. पॉलिश पेपरचे कण पृष्ठभागात रुतून बसतात, म्हणून तो मी टाळतो.

पॉइंटमधील गॅप बहुतेक गाड्यांत ०.३५ ते ०.५ मिलिमीटर यांच्या दरम्यान असतो, पण तो आपल्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच लावावा. ड्वेल, म्हणजे प्रत्येक ठिणगीमागे डिस्ट्रिब्युटरच्या फेऱ्यातील जेवढे अंश पॉइंट मिटलेले राहतात तो कोन, मोजणारे मीटर असल्यास उत्तमच. चार सिलिंडरच्या गाड्यांत ड्वेल साधारण ५० ते ६० अंश येतो. पॉइंट किती चांगले जोडतात हे मल्टिमीटरनेही कळते. पॉइंट मिटलेल्या अवस्थेत इंजिन थांबवून किल्ली चालू करावी आणि कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलपासून बॅटरीच्या अर्थपर्यंत व्होल्टेज मोजावे. ते ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असावे. जास्त आले तर काळा प्रोब आधी डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर, मग बेस प्लेटवर असा सरकवत न्यावा. ज्या टप्प्यावर आकडा एकदम घसरतो तेथे जोड खराब आहे. मोजून झाले की किल्ली लगेच बंद करावी, कारण पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू राहिली तर कॉइल तापत राहते.

पॉइंटची टाच डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यांवर, सतत घासत असते. कॅमला ग्रीसचा ठिपका लावलेला नसेल तर ती टाच झिजते, गॅप हळूहळू मिटत जातो, टायमिंग मागे पडते आणि एके दिवशी पॉइंट उघडतच नाहीत. ग्रीस जास्त झाले तर ते उडून पॉइंटवरच बसते. ठिपका म्हणजे ठिपकाच.

वेग वाढवतानाच मिसिंग होते आणि एरवी गाडी उत्तम चालते, अशी तक्रार असेल तर मी सर्वात आधी डिस्ट्रिब्युटरच्या आतील दोन लहान वायर पाहतो. एक पॉइंटकडे करंट आणणारी, आणि दुसरी हलत्या बेस प्लेटला डिस्ट्रिब्युटरच्या अंगाशी जोडणारी विणलेली अर्थची वायर. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे, म्हणजे इंजिनच्या हवेच्या ओढीने टायमिंग पुढे नेणाऱ्या डबीमुळे, ती प्लेट पुढेमागे सरकते आणि तिच्याबरोबर या वायर रोज हजारो वेळा वाकतात. कालांतराने आतील तांब्याचे धागे तुटतात, वरचे आवरण मात्र शाबूत राहते. चिमट्याने वायर हलकेच ओढून पाहावी: आतून तुटलेली वायर त्या जागी रबरासारखी ताणली जाते, चांगली वायर ताणली जात नाही. विणलेली वायर काळी पडून तिचे धागे पिंजारलेले दिसतात. त्यातील तीन-चार धागेच शिल्लक असतील तर गाडी उभ्या जागी बिनतक्रार फिरते आणि थ्रॉटल उघडताच प्लेट सरकून संपर्क तुटतो. खात्रीसाठी व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढावी आणि प्लेट सरकताना मीटरवरील आकडा बदलतो का ते बघावे. याच चाचणीत त्या डबीतील पडदा फाटला आहे का हेही कळते, कारण ओढून नळीवर जीभ ठेवली तर प्लेट सरकलेल्या जागी टिकून राहिली पाहिजे. हाताशी आहोतच तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट आडवा हलवून पाहावा. बुश झिजलेले असतील तर गॅप प्रत्येक फेऱ्यात बदलतो आणि कितीही काळजीपूर्वक लावला तरी टिकत नाही.

कॉइलवर लोक सगळ्यात आधी आळ घेतात आणि ती बहुधा निर्दोष असते. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलच्या आधी जोडलेला, करंट कमी करणारा रोध) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलचा जाड तारेचा वेढा साधारण ३ ओहम दाखवतो, बॅलास्टबरोबर वापरायची कॉइल १.५ ओहमच्या आसपास, आणि बारीक तारेचा वेढा पाच ते पंधरा हजार ओहम. आकडे बरोबर आले म्हणून कॉइल चांगली ठरत नाही, कारण आतील इन्सुलेशन फक्त तापल्यावर किंवा हजारो व्होल्टच्या ताणाखालीच दगा देते. गार असताना गाडी झकास चालते, अर्ध्या तासाने बंद पडते, थंड झाली की पुन्हा चालू होते, हा प्रकार कॉइलचा किंवा कंडेन्सरचा असू शकतो, तसाच पेट्रोलची वाफ होण्याचाही. फरक कळतो तो फक्त गाडी बंद पडलेली असतानाच: त्याच क्षणी बॉनेट उघडून मधल्या वायरची ठिणगी पाहावी. ठिणगी चांगली असेल तर इंधनाकडे जा. नसेल तर दुसरा कंडेन्सर बाहेरूनच कॉइलच्या टर्मिनलला लावून, त्याचे अंग अर्थला जोडून पाहावे. मात्र जुना कंडेन्सर आतून शॉर्ट असेल तर तो आधी सोडवल्याशिवाय हा उपाय चालणार नाही. वीस मिनिटे वाट पाहून मग तपासणी सुरू केली तर पुरावा थंड होऊन गेलेला असतो.

बॅलास्टचा एक दोष लक्षणावरूनच ओळखता येतो. सेल्फ फिरत असताना इंजिन पेट घेते आणि किल्ली सोडताच बंद पडते. अशा गाड्यांत सेल्फच्या वेळी कॉइलला बॅलास्ट टाळून थेट बॅटरीचा करंट मिळतो आणि किल्ली सोडल्यावर बॅलास्टमधून. तो रेझिस्टर तुटला की दुसरी वाट बंद होते. याउलट बॅलास्टची कॉइल थेट १२ व्होल्टवर जोडली तर ती तापते आणि पॉइंट लवकर जळतात.

कॉइलची टर्मिनले उलटी जोडली तरी गाडी चालते, म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. प्लगचा मधला, तापलेला इलेक्ट्रोड ऋण असेल तर ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते; उलट असेल तर जास्त ताण लागतो आणि चढावर किंवा वेगात मिसिंग होते. जुन्या कॉइलवर अधिक-उण्याऐवजी स्विचकडील बाजूला एसडब्ल्यू आणि पॉइंटकडील बाजूला सीबी अशी अक्षरे असतात, आणि गाडी पूर्वी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचे अधिक टोक सांगाड्याला जोडलेली) असून नंतर बदललेली असेल तर नेमका येथेच घोळ झालेला सापडतो.

हाय टेन्शनच्या बाजूला डोळे चांगले हवेत. कॅप आतून स्वच्छ पुसून उजेडात फिरवली की दोन टर्मिनलांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते का ते पाहावे. ती कार्बनची वाट असते, खरडून काढली तरी काही दिवसांत परत येते, त्यामुळे अशी कॅप बदलावीच लागते. मधला कार्बन ब्रश बोटाने दाबून सोडल्यावर उसळी घेऊन वर आला पाहिजे. रोटरचा दोष मात्र डोळ्याला दिसत नाही, कारण ठिणगी त्याच्या आरपार जाऊन खालच्या शाफ्टला मिळते. कॅप काढून, कॉइलची मधली वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून थोड्या अंतरावर धरावी आणि सेल्फ मारावा. पट्टीवर सारख्या ठिणग्या पडू लागल्या तर रोटर गळतो आहे. वायर अंधारात तपासाव्यात. इंजिन चालू ठेवून पाण्याचा बारीक फवारा मारला की गळणाऱ्या वायरीभोवती निळसर प्रकाश दिसतो. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीचा रोध काही हजार ओहम असणे स्वाभाविक आहे, पण चारपैकी एकच वायर इतरांच्या कितीतरी पट आकडा दाखवत असेल तर ती आतून तुटली आहे.

प्लगविषयी थोडक्यात: फिकट तपकिरी टोक बरे, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर, तेलकट काळेपणा म्हणजे इंजिनमधील झीज. एकच प्लग ओला आणि बाकीचे कोरडे असतील तर त्याची वायर दुसऱ्या प्लगला लावून दोष वायरीबरोबर सरकतो का ते पाहावे.

टायमिंग सगळ्यात शेवटी, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. आधी टायमिंग आणि मग गॅप लावणे म्हणजे तेच काम दोनदा करणे. वर वर्णन केलेला बल्ब येथेही उपयोगी पडतो. इंजिन नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने हाताने फिरवत पुलीवरील खूण जुळवावी आणि डिस्ट्रिब्युटर असा लावावा की खूण जुळण्याच्या क्षणीच बल्ब पेटेल. नंतर इंजिन चालू करून, व्हॅक्यूमची नळी काढून व तिचे तोंड बंद करून स्ट्रोब लाइटने (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने) पडताळणी करावी.

पॉइंटऐवजी डिस्ट्रिब्युटरमध्ये बसणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घालण्याला माझा विरोध नाही. त्यात झिजणारी टाच नसते आणि ड्वेल स्थिर राहतो. पण कॉइल, कॅप, रोटर आणि वायर जुन्याच राहतात, त्यामुळे त्यांचे दोषही राहतात आणि मॉड्यूल बसवण्याआधीच ते शोधून काढणे शहाणपणाचे आहे. मॉड्यूलच्या वायर उलट्या जोडल्या तर ते जळते. इंजिन थांबलेले असताना किल्ली चालू ठेवणे काही मॉड्यूलांना सोसत नाही, आणि कॉइलची मधली वायर अधांतरी सोडून सेल्फ मारणेही घातक ठरते. शिवाय रस्त्यात मॉड्यूल गेले तर बल्बाने काही दुरुस्त होत नाही. म्हणून काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर प्लेटसह, गॅपची खूण करून, गाडीतच ठेवावेत.